ऑरिनची वाकवलेली झाडं

मार्चमध्ये, कुंड्यांत माती भरायच्या आधीच, टॅन्झीने ऑरिनला सांगून टाकलं की यंदा वाडीचे दोन भाग करायचे. ओकच्या झाडांकडची बाजू त्याची, रस्त्याकडची तिची. त्याने गांजा त्याच्या रीतीने लावायचा, तिने तिच्या. ऑक्टोबरात काढणी झाली की बघू कोणाचं खरं.

"आणि मी जिंकलो तर?" ऑरिनने विचारलं.

"तर पुढच्या वर्षी सगळी वाडी तुझी. मी तुझ्या हाताखाली राबेन."

"आणि तू जिंकलीस तर?"

"तर तू माझं ऐकायचं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

"म्हणजे दोन्हीकडून मीच मेलो," म्हातारा म्हणाला आणि खूश होऊन माती कालवायला लागला.

ऑरिन तिचा बाप. पण बापाला बाबा म्हणायची रीत त्या डोंगरावर नव्हती. शहरं सोडून, केस वाढवून, उत्तर कॅलिफोर्नियाच्या त्या रेडवुडच्या रानात येऊन राहिलेली ती पिढी. पोरांना त्यांनी आईबापांची नावंच घ्यायला शिकवलं. नात्यांनी माणूस बांधला जातो म्हणे! बांधला न गेलेला माणूस म्हातारपणी कुठे जातो, याचा विचार मात्र त्यांच्यातल्या एकानेही केला नव्हता.

टॅन्झी तो विचार सबंध हिवाळाभर करत होती. ऑरिन विसरायला लागला होता. आधी चष्मा, मग चुलीवरची किटली, मग एकदा स्वतःच्याच घराकडे येणारा रस्ता. खाली किनाऱ्यावरच्या युरेका गावातल्या डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं, यांना आता डोंगरावर ठेवू नका, गावात वृद्धाश्रम आहे, तिथे नाव घालून ठेवा. टॅन्झीने नाव घातलं. आणि घरी येताना गाडीतच तिने मनाशी एक अट बांधली: जोवर ऑरिन आपली अर्धी वाडी नीट सांभाळतोय, तोवर तो कुठेही जाणार नाही. ज्या दिवशी त्याच्या कुंड्या पाण्यावाचून सुकलेल्या दिसतील, त्या दिवशी बघू.

ही अट तिने एकट्या हॉलिसला सांगितली. हॉलिस शेजारी, ऑरिनच्याच वयाचा, बकऱ्या पाळणारा, जिभेला हाड नसलेला.

"म्हणजे म्हाताऱ्याला वाटतंय पैज आहे, आणि आहे परीक्षा," हॉलिस म्हणाला.

"तू बोलणार नाहीस त्याच्याकडे."

"बोललो तरी तो विसरेल, बाई," हॉलिस म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

आता दोघांच्या रीतींबद्दल सांगायला हवं, कारण भांडण तेच होतं, आणि जुनं होतं. परवाना देणारं सरकार झाडं मोजत नाही, पानाफांद्यांनी झाकलेली जागा मोजतं. तेव्हा तेवढ्या जागेत कुंड्या किती दाट मांडायच्या आणि झाडाला कात्री कुठे लावायची, यावर सगळा खेळ. टॅन्झीचं म्हणणं, लहान कुंड्या घ्या, खांद्याला खांदा लावून मांडा, शेंड्याला हात लावू नका, फक्त खालच्या बारक्या फांद्या काढून टाका. एका खोडाला वर फुलांचा एकच मोठा तुरा येतो, लवकर येतो, वणव्याचा मोसम अंगावर यायच्या आत घरात येतो. ती हे खाली दरीतल्या मोठ्या वाडीवर चार वर्षं राबून शिकली होती, आणि तिचं काही चूक नव्हतं.

ऑरिनचं सगळंच उलटं. कापडाच्या मोठ्या कुंड्या, एकमेकींपासून लांब. त्याही रांगेत नाहीत! एक ओकखाली, एक खडकाआड, एक मन्झनीताच्या झुडपांना टेकून. झाड हातभर झालं की शेंडा खुडायचा. दोन फुटवे आले की त्यांचेही शेंडे खुडायचे. मग प्रत्येक फांदी बाहेरच्या अंगाला वाकवून जुन्या सदऱ्याच्या चिंध्यांनी कुंडीच्या कडेला बांधायची. त्याचं झाड कमरेच्या वर कधी गेलंच नाही. जमिनीवर गोधडी वाळत घातल्यासारखं दिसायचं.

"तुझी झाडं बघ," तो म्हणायचा. "शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी."

"आणि तुझी? पिऊन पडल्यासारखी."

"पडलेल्याला कोणी पाडत नाही, पोरी."

तिला वाटायचं, ही नुसती खोड आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, ते तिला कळत होतं. एके काळी दर उन्हाळ्यात सरकारी हेलिकॉप्टरं यायची, वरून हिरवा रंग शोधत फिरायची, आणि दिसला की दोरावरून माणसं उतरायची. तेव्हा झाडं लपवणं आलंच. पण आता? फाटकावर परवाना ठोकलेला, पोलिसांची गाडी रस्त्यात भेटली तर आतला माणूस हात हलवतो. कायदा बदलून इतकी वर्षं झाली तरी ऑरिन आपला झाडांना वाकवतोच आहे. सुंभ जळला तरी पीळ जाईना, दुसरं काय.

त्या काळातल्या पोरांना आणखी एक गोष्ट शिकवलेली असायची. शाळेत बाईंनी विचारलं, दुकानात कोणी विचारलं, गणवेशातल्या माणसाने खाऊ देऊन विचारलं, तुझे आईबाप काय पिकवतात? तर उत्तर एकच: टोमॅटो. टॅन्झीच्या वर्गात निम्मी पोरं टोमॅटोवाल्यांची होती. आणि गावाच्या बाजारात मात्र टोमॅटो बाहेरून यायचे. बाई काय ते समजून घ्यायच्या.

हसण्यासारखं आहे, पण टॅन्झी त्यावर हसत नसे. ती सहा वर्षांची असताना ते हेलिकॉप्टर त्यांच्याच वाडीवर आलं होतं. ऑरिनने तिला काखेत उचललं आणि मन्झनीताच्या झुडपात सरपटत शिरला. तिच्या तोंडावर त्याने हात दाबून धरला होता. त्या हाताचा वास तिला अजून आठवायचा, चिकाचा आणि मातीचा. फांद्यांतून तिला कोरीन दिसत होती. कोरीन, तिची आई, झाडांमधून हात वर करून बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, "सगळी माझी आहेत. इथे दुसरं कोणी नाही." तिला घेऊन गेले. दोन हिवाळ्यांनी तुरुंगातून परत आली ती खोकला घेऊनच आली. मग डोंगरावर तिचं मन लागेना. ओरेगनला बहिणीकडे गेली आणि तिथेच वारली.

ऑरिन त्या झुडपातून उठला नाही. टॅन्झीने त्याला त्याबद्दल एका शब्दाने कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. दोघं इतकी वर्षं एका टेबलाशी बसून मक्याची भाकर आणि घेवडा खात आली, आणि ते झुडूप मध्ये तसंच राहिलं.

असो. उन्हाळा लागला, आणि काय नवल सांगावं! सकाळी काय खाल्लं ते ज्याला आठवत नव्हतं, तो माणूस झाडांपुढे उभा राहिला की त्याची बोटं आपोआप चालायची. कुठला शेंडा खुडायचा, कुठली फांदी आणखी थोडी वाकेल, कुठली मोडेल, सगळं बोटांना पाठ. टॅन्झीला कधी तो टॅन्झी म्हणायचा, कधी कोरीन, कधी नुसतंच "अगं ए". पण एका कुंडीला पाणी घालायचं तो विसरला नाही. जुलैत त्याची झाडं अशी पसरली की एकेका झाडाला मोजायला बोटं पुरणार नाहीत इतके तुरे, सगळे एका पातळीत, सगळ्यांना ऊन. टॅन्झीची झाडं उभी होती, तुरे मोठे होते, पण दाटीत वारा खेळत नव्हता, आणि ऑगस्टात मधल्या रांगांच्या पानांवर पांढरी भुरी दिसायला लागली.

"काय ग, तुझ्या पोरांनी पावडर लावली?" ऑरिनने विचारलं.

"गप रे."

"नाही, छान दिसतात. लग्नाला निघाल्यासारखी."

ती हसली. मनातल्या मनात तर ती नाचलीच. आपण हरतोय याचा इतका आनंद माणसाला व्हावा! त्याच आठवड्यात वृद्धाश्रमातून फोन आला, खोली रिकामी झाली आहे, घेणार का? टॅन्झी म्हणाली, "नको. यंदा नको. माझा बाप ठीक आहे." फोन ठेवून तिने बाहेर पाहिलं तर ऑरिन गुडघे टेकून एक फांदी बांधत होता आणि झाडाशी काहीतरी पुटपुटत होता. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

सप्टेंबरात, टॅन्झीच्या काढणीला आठवडा उरला असताना, पलीकडच्या कड्यामागे वणवा लागला. वणवा काही नवा नाही तिथे. दोन दिवस नुसता धूर आला, सूर्य तांब्याच्या परातीसारखा दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलिसने फोन करून सांगितलं, बकऱ्या खाली न्यायच्यात, एकट्याने जमत नाही, जरा ये. ऑरिन जेवून झोपला होता. टॅन्झीने त्याच्या अंगावर चादर टाकली, दार लोटलं आणि गेली. हॉलिसचं घर पायी पाव तासावर.

बकऱ्यांच्या मागे धावण्यात तासभर गेला; कड्यापलीकडे बारीक धडधड कधीची चालू होती, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. अर्ध्या बकऱ्या गाडीत चढल्या असतील नसतील, तोच ती धडधड थेट डोक्यावर आली. आग विझवणारं हेलिकॉप्टर, खाली लोंबणारी भलीमोठी बादली घेऊन, थेट त्यांच्याच वाडीखालच्या तळ्यावर पाणी भरायला उतरत होतं.

"आलं बाई एकदाचं," टॅन्झी म्हणाली. "आता विझेल."

तिने वळून पाहिलं तर हॉलिसचा चेहरा पांढराफटक.

"टॅन्झी," तो म्हणाला, "ऑरिन कुठाय?"

ती पळत सुटली. वाटेत ते हेलिकॉप्टर दोनदा येऊन गेलं, इतकं खाली की रेडवुडचे शेंडे हलत होते. ती वाडीत शिरली.

तिची बाजू आडवी झाली होती. सगळी. एक झाड उभं नव्हतं. तुऱ्यांनी भरलेली झाडं बुडापासून कापून ऑरिनने ओकखाली ओढत नेली होती, त्यांवर वाळकी पानं, पोती, घरातली सतरंजी, मिळेल ते टाकलं होतं. हातात छाटणीची करवत, दोन्ही तळहात रक्ताने भरलेले. आणि कडेच्या एका ढिगातून धूर निघत होता. पुरावा जाळायचा, ही तेव्हाची रीत. वाळक्या रानात, डोक्यावर वणवा असताना, म्हाताऱ्याने काडी ओढली होती.

मागून धापा टाकत आलेल्या हॉलिसने ओलं पोतं घेऊन तो ढीग तुडवला, बडवला, विझवला. टॅन्झीच्याने जागचं हलवेना.

"उभी काय राहिलीस? हात लाव ना!" ऑरिन तिच्यावर खेकसला. "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं कोरीन, उंच नको ठेवू. सरळ वाढू दे, सरळ वाढू दे, तुझा एकच हट्ट. दिसली ना त्यांना वरून? दिसली ना?"

टॅन्झीला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी झाडं उंच होती, आणि ती कोरीनच्या हट्टाने उंच होती. त्यानंतर ऑरिनने एकाही झाडाला मान वर काढू दिली नाही. ती ज्याला खोड म्हणत होती ते हे होतं.

तिने त्याच्या बाजूकडे पाहिलं. त्याच्या एकाही झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं. ओकखाली, खडकाआड, चिंध्यांनी बांधलेली, जमिनीला धरून पसरलेली, तुऱ्यांनी लवलेली. वरून ती कोणालाही दिसली नसती.

धडधड पुन्हा जवळ यायला लागली. ऑरिनने करवत टाकली, टॅन्झीचा दंड धरला आणि तिला मन्झनीताच्या झुडपाकडे रेटत नेलं. म्हाताऱ्याच्या अंगात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. काटक्यांनी तिचे हात सोलले. तिला वाटलं, आता हा हात येईल तोंडावर, तोच वास घेऊन. पण तो आत शिरलाच नाही. बाहेरच वाकून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"पोरीला घट्ट धर," तो म्हणाला. "तिच्या तोंडावर हात ठेव, घाबरून रडते ती. आणि तू उठू नकोस, कोरीन, तुला माझी शपथ आहे. या वेळी मी उठतो."

आणि तो गेला. रक्ताळलेले दोन्ही हात वर करून, लंगडत, वाडीच्या मधोमध, जिथे आभाळ उघडं होतं तिथे जाऊन उभा राहिला.

"सगळी माझी आहेत!" तो ओरडला. "इथे दुसरं कोणी नाही! एकटा मीच आहे!"

हेलिकॉप्टर त्याच्या डोक्यावरून गेलं. बादलीतून सांडलेलं पाणी त्याच्यावर पडलं, त्याचे पांढरे केस कपाळाला चिकटले. आतल्या माणसाने बहुधा त्याला पाहिलंही नसेल, त्याच्या जिवाला आगीचा घोर. ते कड्यापलीकडे नाहीसं झालं तरी ऑरिन हात वर करून उभाच होता.

झुडपात टॅन्झी स्वतःच्या तोंडावर स्वतःचा हात दाबून रडत होती. एवढी वर्षं तिने त्या माणसाला मनातल्या मनात भित्रा म्हटलं होतं. आणि तो एवढी वर्षं दुसऱ्यांदा संधी मिळायची वाट बघत होता. तिच्या मांडीवर जी पोर आहे असं त्याला वाटत होतं, ती पोर म्हणजे ती स्वतःच; तिला गप्प ठेवण्यासाठी तेव्हा तो उठला नव्हता. हे एवढं साधं तिला सुचलं नव्हतं.

ती बाहेर आली. "ऑरिन. गेलं ते."

"मला नाही नेलं?"

"नाही."

"का?" तो रडवेला झाला. "मी सांगितलं ना त्यांना, माझी आहेत म्हणून. मग का नाही नेलं?"

तिने त्याचे हात खाली घेतले आणि पदर नव्हता म्हणून सदऱ्याच्या टोकानेच ते पुसायला लागली. हॉलिस काळं पडलेलं पोतं घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

"मी काही म्हणत नाही, टॅन्झी," तो म्हणाला.

"नकोच म्हणूस."

"वारा असता ना, तर तुम्ही, मी, खालची सगळी घरं..."

"हॉलिस, कळतं मला."

तिची अट होती, ऑरिनने आपली अर्धी वाडी नीट सांभाळली तर तो कुठेही जाणार नाही. त्याने सांभाळली होती. चोख सांभाळली होती. आणि तरीही संध्याकाळी तिने वृद्धाश्रमाला फोन लावला आणि विचारलं, ती खोली गेली का? गेली नव्हती. गेली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

वणवा कड्यापलीकडेच विझला. ऑरिनच्या झाडांची काढणी टॅन्झीने एकटीने केली. चिंध्या एकेक सोडवल्या. त्यात एक निळ्या फुलांची चिंधी निघाली, कोरीनच्या झग्याची. ती तिने खिशात ठेवली. वाळवणीच्या खोलीत त्याच्या अर्ध्या वाडीने दोऱ्या अशा भरल्या, की मागच्या वर्षी सबंध वाडीनेही भरल्या नव्हत्या. दाट लावणं खरं की मोकळं, शेंडा राखणं खरं की खुडणं, याचा निकाल लागला. पण ज्याला सांगायचा त्याला पैज आठवत नव्हती.

"जिंकलास तू," तिने तरी सांगितलं.

"काय जिंकलो?"

"सगळंच."

"हळू बोल," तो म्हणाला आणि खिडकीकडे बघितलं.

ऑक्टोबराच्या अखेरीस ती त्याला युरेकाला घेऊन गेली. समुद्रावरून धुकं आलं होतं. खोली चांगली होती, खिडकीतून बंदर दिसत होतं. तिथली मुख्य परिचारिका हसतमुख, जाडजूड, गळ्यात रंगीत मण्यांची माळ. ती ऑरिनच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "काय आजोबा, हात बघितले तुमचे. शेतकऱ्याचे हात. डोंगरावर काय पिकवत होता?"

तिच्या अंगात गणवेश होता. फिकट निळा, साधा, पण गणवेश. ऑरिनचं अंग ताठ झालं. त्याने टॅन्झीकडे पाहिलं, अगदी घाबरून. सांगायला काही हरकत नव्हती. अर्ध्या गावाचा तोच धंदा, त्या परिचारिकेच्या भावाचाही असेल.

"टोमॅटो," टॅन्झी म्हणाली.

ऑरिनने श्वास सोडला. दुसऱ्या हाताने त्याने तिचा हात चाचपला आणि घट्ट दाबला, सहा वर्षांच्या पोरीने धडा बिनचूक म्हटल्यावर दाबावा तसा.

"अरे वा," परिचारिका म्हणाली. "यंदा कसे आले मग?"

"माझे सगळे गेले," टॅन्झी म्हणाली. "ह्याचे मात्र खूप आले. बाबांचे खूप आले."